पॅराफॉइल सतत एकाच बाजूला वळतोय? आधी हे तपासा

आमचं काम अंबडला. मालवाहू पॅराफॉइलची (हवेने फुगणाऱ्या कप्प्यांची, पंखासारखी छत्री) शिलाई, दोऱ्या आणि दुरुस्ती मी बघते. नाशिकमधले दोन-तीन छोटे गट आणि कॉलेजची मुलं असे पंख बनवतात, आणि त्यांच्याकडून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये एकच तक्रार सगळ्यात जास्त वेळा येते: ‘मॅडम, छत्री सरळ जातच नाही, डावीकडे वळत राहते.’ कधी डावीकडे, कधी उजवीकडे. हा दोष मी इतक्या वेळा काढला आहे की आता तपासणीचा क्रम पक्का ठरून गेलाय. तोच इथे लिहिते.

छोट्या मॉडेलमध्ये हा दोष किरकोळ वाटतो. मोठ्या वजनाला तो का चालत नाही, ते एका हिशोबात कळतं. सेकंदाला 2 अंशांचं वळण डोळ्यांना जेमतेम दिसतं, पण त्याने 3 मिनिटांत एक पूर्ण गोल होतो. डिसेंबर 2021 मध्ये आग्ऱ्याच्या मालपुरा ड्रॉप झोनवर डीआरडीओने 500 किलोपर्यंत माल नेणारी जी प्रणाली दाखवली, ती एएन-32 विमानातून 5000 मीटर उंचीवरून सोडली होती. एवढ्या उंचीवरून खाली यायला पंधरा-एक मिनिटं धरली, तर न पकडलेलं वळण छत्रीला पाच वेळा गोल फिरवेल. पॅराफॉइल 1 मीटर खाली येताना साधारण 3 मीटर पुढे जातो, आणि ते पुढे जाणं सगळं त्या गोलांत वाया जातं.

लक्षणं

खालच्यापैकी नेमकं काय दिसतंय ते आधी कागदावर लिहा. पुढची अर्धी दिशा त्यावरूनच ठरते.

प्रत्येक उड्डाणात वळण त्याच बाजूला, तेवढंच: दोष कायमचा आहे. दोरी, ब्रेक (पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या), कापड किंवा वजनाची मांडणी.

कधी डावीकडे, कधी उजवीकडे: घडी घालण्यात गडबड, दोऱ्यांत अडकलेलं काहीतरी, किंवा वारा.

पहिला मिनिटभर सरळ आणि मग हळूहळू वळण वाढत जातं: मोटरचा स्पूल (ब्रेकची दोरी गुंडाळणारं रीळ) सरकतोय, नाहीतर मालाच्या बॉक्समधलं वजन हलतंय.

ब्रेक सोडलेले असताना सरळ, अर्धे ओढले की वळण: दोन्ही बाजूंची ओढ सारखी नाही.

छत्री सरळ जाते, पण लॉगमध्ये (उड्डाणाच्या नोंदीत) एकाच बाजूची मोटर पूर्ण वेळ काम करताना दिसते आणि खाली आल्यावर तीच मोटर हाताला गरम लागते. हे लक्षण सगळ्यात जास्त वेळा सुटतं, कारण बाहेरून सगळं ठीक दिसतं. दोष आहे, ऑटोपायलट (मोटरींनी ब्रेक ओढून छत्री आपोआप वळवणारी यंत्रणा) तो झाकतोय.

एक सूचना. डावं-उजवं नेहमी छत्रीच्या जाण्याच्या दिशेने तोंड करून ठरवा. उतरण्याच्या जागी उभा असलेला माणूस समोरून येणारी छत्री बघतो, त्याला सगळं उलटं दिसतं. दोन मुलांनी एकाच उड्डाणाची नोंद एकाने ‘डावं’ आणि दुसऱ्याने ‘उजवं’ अशी केली होती, आणि त्यावरून आमचा एक अख्खा दिवस चुकीच्या बाजूच्या दोऱ्या मोजण्यात गेला होता.

दुसऱ्या बाजूला ब्रेक देऊन ठेवू नका

तपासणीच्या आधी हे सांगते, कारण प्रत्येक वेळी पहिला प्रश्न हाच येतो: ‘उजवीकडे थोडा ब्रेक कायमचा देऊन ठेवला तर?’

येवल्याच्या संक्रांतीत ज्यांनी आसारी (मांज्याची फिरकी) धरली आहे त्यांना हे लगेच कळेल. पतंग एका अंगाला झुकायला लागला की दुसऱ्या टोकाला चिंधी बांधतात आणि पतंग सरळ होतो. पतंगाला ते चालतं, कारण त्याला फक्त आकाशात राहायचं असतं. हवेने फुगणाऱ्या कप्प्यांच्या पंखाची कल्पना मांडणारे डोमिना जाल्बर्ट स्वतः पतंग आणि फुगे बनवणारेच होते, त्यांचं पेटंट 1966 चं. पण मालाच्या छत्रीला दिलेल्या ठिकाणी उतरायचं असतं आणि जमिनीजवळ दोन्ही ब्रेक एकदम ओढून वेग मारायचा असतो. ब्रेकच्या ओढीला मर्यादा आहे. समजा एकूण ओढ 60 सेंटिमीटर आहे आणि त्यातली 15 उजवीकडे आधीच खर्च झाली आहे. मग उजवं वळण घ्यायला 45 च उरतात, आणि उतरताना दोन्ही बाजू सारख्या ओढल्या तर उजवी बाजू आधी हवा सोडते. शेवटच्या 10 मीटरवर छत्री उजवीकडे कोसळते. माल फुटतो तो तिथेच. शिवाय ती बाजू पूर्ण वेळ जास्त रोध देते, म्हणजे पल्लाही घटतो.

म्हणून ज्या बाजूला दोष आहे तिथेच तो काढायचा. आता क्रमाने बघू.

1. लॉग बघा (खर्च शून्य)

वळण खरंच आहे की नुसता वारा? जीपीएसची रेघ वाकडी दिसली म्हणून छत्री वळली असं होत नाही. वाऱ्याची दिशा उंचीनुसार बदलते, आणि नाक सरळ ठेवूनही छत्री वाकडी रेघ काढते. जायरोस्कोपचा (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) आलेख उघडा. नाक फिरण्याचा वेग शून्याच्या आसपास असेल तर दोष छत्रीत नाही.

जायरो स्वतः खोटं बोलत नाही ना, हेही बघा. कंट्रोल बॉक्स टेबलावर 5 मिनिटं न हलवता ठेवून लॉग घ्या. स्थिर असताना तो सेकंदाला अर्धा अंश दाखवत असेल, तर ऑटोपायलट न झालेलं वळण दुरुस्त करायला निघेल आणि खरं वळण स्वतःच तयार करेल. होकायंत्राचंही तसंच. ब्रेक ओढणाऱ्या मोटरशेजारी चुंबकीय सेन्सर बसवला असेल तर मोटरला करंट गेला की दिशा सरकते. मोटर चालू-बंद करून आकडा हलतो का ते पाहा.

आम्ही चाचण्या सिन्नरच्या बाजूला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात, सकाळी सातच्या आत घेतो. दहानंतर जमीन तापते आणि हवेत वर जाणारे झोत सुरू होतात. त्या वेळचा लॉग वळण शोधायला कामाचा नाही.

2. वजन आणि टांगणी

दोन्ही रायझर (दोऱ्या खाली जिथे एकत्र येतात ते पट्टे) मालाच्या बॉक्सच्या दोन कडांना लावलेले असतील तर वजन ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला छत्री वळते. बॉक्स बंद केलेला असेल त्याच स्थितीत, त्याच पट्ट्यांवर, जमिनीपासून वीतभर वर टांगा आणि पातळी लावा. मग मुद्दाम दोन्ही हातांनी जोरात हलवा आणि पुन्हा पातळी लावा. छत्री उघडतानाचा झटका यापेक्षा कितीतरी मोठा असतो. आमच्याकडे एकदा वाळूऐवजी कांद्याची गोणी भरली होती. टांगल्यावर अगदी सरळ, हलवल्यावर कांदे एका कोपऱ्यात बसले आणि बॉक्स दोन बोटं तिरका झाला. लॉगमध्ये वळण उड्डाण सुरू झाल्यानंतर का वाढत होतं, त्याचं उत्तर तिथेच मिळालं. वाळू छोट्या पिशव्यांत भरा, पिशव्या घट्ट रचा, मधल्या फटीत थर्माकोल दाबा.

टांगणीच्या चारही पट्ट्यांची लांबी मोजा, आणि बॉक्सच्या एका बाजूला सुटलेला पुठ्ठा किंवा लोंबणारा पट्टा नाही ना तेही बघा. हवेत तो छोटा ब्रेकच असतो.

3. उलटापालट चाचणी

माझ्या मते सगळ्या तपासणीत सर्वात मोलाची हीच, आणि हिला पैसे लागत नाहीत. प्रणालीचे तीन थर धरा: वर छत्री, मध्ये कंट्रोल बॉक्स, खाली माल. एका वेळी एकच सांधा उलटा करायचा.

आधी माल पुढचा मागे करून लावा, बाकी सगळं तसंच. वळणाची बाजू बदलली तर दोष मालात किंवा त्याच्या टांगणीत. बदलली नाही तर माल पहिल्यासारखा लावा आणि कंट्रोल बॉक्स उलटा करा, म्हणजे डावी मोटर उजव्या ब्रेकला येईल. इथे ऑटोपायलट पूर्ण बंद आणि दोन्ही मोटरी शून्यावर लॉक हव्यात. आज्ञा चालू राहिली तर ती उलट्या बाजूला जाईल आणि छत्री गिरकी घेत खाली येईल. ही चाचणी छोट्या मॉडेलवर, कमी वजनाने, मोकळ्या रानातच करायची.

आता वळण फिरलं तर दोष मोटर-स्पूलमध्ये. दोन्ही वेळा वळण छत्रीच्या त्याच बाजूला राहिलं तर दोष छत्रीत किंवा तिच्या दोऱ्यांत. दोन उड्डाणांत निम्मं काम संपतं, आणि कात्री-सुईला हात न लावता संपतं.

4. ब्रेकच्या दोऱ्या आणि स्पूल

दोन्ही मोटरी शून्यावर आणा. दोन्ही ब्रेकदोऱ्यांना सारखा ताण द्या (मी भाजीवाल्यांकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा लावून 5 किलोवर ओढते) आणि पंखाच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी जोडीने पडताळा. जी बाजू आखूड त्या बाजूची मागची कड खाली ओढलेली राहते, तिथे रोध वाढतो आणि छत्री तिकडे वळते.

लांबी सारखी असून अर्ध्या ब्रेकवर वळण येत असेल तर स्पूल उघडून वेढे बघा. 60 मिमीच्या स्पूलवर 4 मिमी जाडीची दोरी पहिल्या थरात एका वेढ्याला साधारण 201 मिमी ओढते. तोच वेढा आधीच्या वेढ्यावर चढून बसला तर 226 मिमी. एका वेढ्यामागे 25 मिमीचा फरक, आणि तोही एकाच बाजूला. दोरी शेजारी-शेजारी बसावी म्हणून स्पूल पुरेसा रुंद हवा, आणि दोरी त्यावर हलक्या ताणाखालीच गुंडाळायला हवी. ढिली गुंडाळलेली दोरी पहिल्या जोराच्या ओढीत खालच्या वेढ्यांत रुतते.

एका बाजूची ब्रेकदोरी बदलायची वेळ आली तर दोन्ही बदला. वापरलेली दोरी आणि कोरी दोरी सारख्या ताणत नाहीत.

5. बाकीच्या दोऱ्या

इथे वेळ जातो, आणि खरा दोष बहुतेकदा इथेच सापडतो.

मोजण्याआधी बोटांतून एकेक दोरी वरपासून खालपर्यंत सोडा. आमच्या भागात पावसाळ्यानंतर रानात वाळलेलं गवत असतं, त्याची कुसळं दोरीच्या विणीत घुसतात. एक कुसळ शेजारच्या दोन दोऱ्यांना एकत्र धरतं, त्यावर तिसरी अडकते आणि ताणाखाली घट्ट गाठ बसते. ती दोरी 3-4 सेंटिमीटरने आखूड होते. खाली आल्यावर ताण जातो, गाठ सुटते आणि सगळं ठीक दिसतं. ‘कधी डावीकडे, कधी उजवीकडे’ असं वळण आलं की मी आधी कुसळं शोधते. चिमट्याने काढा, ओढून तोडू नका. तुटलेलं टोक आत राहतं.

आता मोजणी. टेपने एकेक दोरी मोजून आकड्यांची तुलना करू नका. 7 मीटर दोरीला टेपचा झोल आणि हाताचा फरक मिळूनच 1 सेंटिमीटरची चूक होते. भिंतीत एक खिळा ठोका. दोऱ्यांच्या रांगा पुढून मागे ए, बी, सी, डी अशा असतात. डावी ए-1 आणि उजवी ए-1 यांची वरची टोकं त्याच खिळ्यात अडकवा, खालची दोन्ही टोकं एका पट्टीला बांधून 5 किलो वजन सोडा. पट्टी तिरकी झाली की फरक समोर दिसतो. मग ए-2, बी-1, असं शेवटच्या डी पर्यंत. सगळ्या जोड्या एकाच दिवशी मोजा.

किती फरक चालेल? आकारानुसार बघा. 3 चौरस मीटरच्या मॉडेलवर 5 मिमीचा फरक जेवढा त्रास देतो, तेवढाच त्रास 100 चौरस मीटरच्या पंखावर साधारण 3 सेंटिमीटरचा देतो. म्हणून मॉडेलवर मिलिमीटर मोजायचा कंटाळा करू नका. तिथली छोटी चूक मोठ्या छत्रीच्या नमुन्यात गेली की सहापट होऊन परत येते.

फरक सापडला की कारणही शोधा, नाहीतर वीस उड्डाणांनी तो पुन्हा येतो. डायनीमा आणि स्पेक्ट्रा या दोऱ्या बळकट असतात, पण उष्णतेला हळव्या. त्या साधारण 145 अंशांना वितळतात, आणि त्याच्या बऱ्याच आधी आक्रसायला लागतात. छत्री उघडताना स्लायडर (कोपऱ्यांच्या कड्यांतून दोऱ्या ओवलेला, उघडणं हळू करणारा कापडाचा तुकडा) दोऱ्यांवरून वेगाने खाली घसरतो, त्या घर्षणाची उष्णता त्याच्या कड्यांना लागून असलेल्या दोऱ्यांत जाते. म्हणून कडेच्या आणि ब्रेकच्या दोऱ्या आधी आखूड होतात, मधल्या तशाच राहतात. दोन्ही बाजू सारख्या आखडल्या तर वळण येत नाही, पंखाचा आकार तेवढा बिघडतो. एकच बाजू आखडली असेल तर त्या बाजूच्या कड्याकडे संशयाने बघा.

एका छत्रीची डावी बाजू दोन वेळा दुरुस्त करून पाठवली, दोन्ही वेळा दोन महिन्यांत परत आली. तिसऱ्या वेळी मी कापसाचा बोळा घेतला आणि स्लायडरच्या चारही पितळी कड्यांच्या आतून फिरवला. तीन कड्यांतून बोळा जसाच्या तसा निघाला. पुढच्या डाव्या कड्यात पांढरे तंतू अडकून राहिले. नखाला जेमतेम लागेल असा एक चरा होता. प्रत्येक उघडण्यात तो दोरी तापवत आणि खरवडत होता. कडं बदललं, डाव्या-उजव्या दोन्ही कडेच्या दोऱ्या नव्या घातल्या, त्यानंतर ती छत्री त्या तक्रारीसाठी आली नाही. आता कुठलीही छत्री आली की बोळा आधी फिरतो.

व्हेक्ट्रान दोरी आक्रसत नाही, पण तिला घर्षण आणि ऊन दोन्ही सोसत नाहीत. तिच्यावर केस उभे राहिलेले दिसले तर लांबी बरोबर असली तरी ती बदला.

6. कापड

दोऱ्या बरोबर निघाल्या तरच इथे या. छत्री जमिनीवर पसरा, कप्प्यांच्या तोंडाशी मोठा पंखा लावून फुगवा आणि मागून उजेडाकडे बघा. एखादा कप्पा उशिरा फुगतो का? आतल्या पडद्याची, म्हणजे रिबची, शिवण सुटली आहे का? टोकाच्या कप्प्यात हात घाला. काळ्या मातीचं ढेकूळ तिथे जाऊन बसतं आणि वाळून कापडाला चिकटतं. ढेकूळ पंखाच्या अगदी टोकाला असतं, म्हणून थोडंसं वजनही पुरतं.

नंतर ठिगळं. घाईत ताणून लावलेलं ठिगळ पंखाची ती बाजू आवळून धरते. ठिगळाचे चौकटीचे धागे मूळ कापडाच्या धाग्यांच्या दिशेनेच हवेत, तिरके लावले तर ताणाखाली ते वेगळं वागतं. कापड हवा किती सोडतं याची रांगडी परीक्षा म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला त्याच जागी ओठ लावून हवा ओढून बघणे. एका बाजूने सहज ओढली गेली तर ती बाजू उन्हाने किंवा घासण्याने थकली आहे. याला घरगुती उपाय नाही.

इथे थांबा

खालच्या बाबतीत स्वतः काही करू नका, प्रशिक्षित पॅराशूट रिगरला (छत्र्या तपासून दुरुस्त करणाऱ्याला) किंवा छत्री बनवणाऱ्यांनाच द्या.

भार घेणारी शिवण उसवली आहे: रायझरचा पट्टा, दोरी कापडाला जोडणारी फीत, मधली रिब. मी रोज मशीनवर बसते, तरी या जागा मी एकटीच्या भरवशावर शिवत नाही. एक टाका चुकला तर पूर्ण भार शेजारच्या टाक्यावर जातो आणि शिवण रांगेने उसवत जाते.

उघडताना मोठा झटका बसला होता आणि त्यानंतर वळण सुरू झालं. न दिसणारं नुकसान आत असू शकतं.

कापडाची हवा रोखण्याची ताकद गेली आहे.

दोन वेळा दुरुस्त करूनही वळण परत आलं आहे.

पूर्ण आकाराची, माणसाच्या वजनाहून जास्त भार घेणारी छत्री आहे. माणसाच्या छत्रीवर दर चौरस फुटाला साधारण अर्धा किलो भार येतो. अमेरिकेच्या ड्रॅगनफ्लाय या मालवाहू छत्रीचा पंख 3500 चौरस फुटांचा आणि वजनाची मर्यादा 10,000 पौंड, म्हणजे दर चौरस फुटाला सुमारे 1.3 किलो. एवढा भार असला की वेग वाढतो आणि चूक सुधारायला वेळ उरत नाही. अशा छत्रीचं परीक्षण तिच्यासाठी राखलेल्या मैदानावरच व्हायला हवं.

जागेबद्दलही बोलते. आपल्या जिल्ह्यात ओझरचा विमानतळ, गांधीनगरचा लष्करी तळ आणि देवळालीची तोफखान्याची फायरिंग रेंज आहे. ड्रोनवरून छोटं मॉडेल सोडायचं असलं तरी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा आधी उघडा आणि परवानगीचं काय ते लेखी घ्या. छत्री विजेच्या तारांवर अडकली तर बांबू घेऊन जाऊ नका, दोरी कोरडी असली तरी नाही. महावितरणला फोन करा आणि ते येईपर्यंत लोकांना लांब ठेवा.

रिगरकडे छत्री पाठवताना सोबत द्या: वळणाची बाजू, ती कुठून बघून ठरवली ते, शेवटच्या तीन उड्डाणांचा लॉग, उलटापालट चाचणीचं उत्तर, आणि दोऱ्यांच्या जोड्यांची मोजणी. छत्री धुऊन पाठवू नका. माती, कुसळं, वितळलेल्या दोरीची चकाकी यावरूनच त्यांना दोष लवकर सापडतो.